सनद मिळाली, सीनियर कोण?

सीमाभागातील मराठी घरांतून आता मुले-मुली कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडू लागली आहेत. बेळगावात १९३९ पासून विधी महाविद्यालय आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईस जावे लागत नाही. आम्हा शिक्षकांना आणि समितीच्या कार्यकर्त्यांना याचा आनंद आहेच. पण सनद हाती आल्यावर यातले किती जण कोर्टात टिकतात?

खरी वकिली ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत शिकावी लागते. दाव्याचा मसुदा कसा करायचा, कैफियतीत काय लिहायचे नि काय वगळायचे, उलटतपासणीत कुठे थांबायचे, हे तेथेच कळते. ज्याचे वडील किंवा काका वकील, त्याला ही शाळा घरीच मिळते. येळ्ळूर-बेळगुंदीच्या शेतकऱ्याच्या मुलाने कोणाचे दार ठोठवायचे? ओळखीवाचून बुद्धीही अडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. परदेशी पदव्या होत्या, बॅरिस्टरी होती. तरी अस्पृश्यतेपायी सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे कामे पाठवीत नसत.

आपल्याकडे त्यात भाषेची भर. अशील मराठीत बोलतो, उतारा नि नोटीस कन्नडमध्ये, वरच्या न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत. या तिन्हींचा मेळ घालणारा वकील जवळ नसला की आपला शेतकरी वाचता न येणाऱ्या कागदावर सही करून येतो. मग मुदत टळते आणि जमिनीवर पाणी सोडायची पाळी येते.

म्हणून आम्ही स्पष्टच सांगतो, काहींना रुचणार नाही: होतकरू मराठी वकिलाने कन्नड लिहा-वाचायला शिकलेच पाहिजे. त्याने मराठीपण उणे होत नाही. घटनेच्या कलम ३५० ने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, तो बजावावाच. पण अर्जावर पडलेला कन्नड शेरा वाचता आला तरच पुढचे पाऊल टाकता येते.

ज्येष्ठ वकिलांनाही दोन शब्द. ज्युनियर म्हणजे फायली वाहणारा नि तारीख मागणारा गडी नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवोदितांना शहरात दरमहा २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. तालुका कोर्टात हे साऱ्यांना झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान बसभाडे तरी पोराच्या खिशातून जाऊ नये! शिवाय १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. जुनी कलमे तोंडपाठ असलेल्या ज्येष्ठांना नवी कलमे शोधून देणारा हुशार ज्युनियर लाभाचाच आहे. मुलींच्या बाबतीत पालक कचकतात. तेथे महिला वकिलांनी पुढाकार घ्यावा.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याची तारीख आपण सारे विचारतो. त्याबरोबरच कायद्याच्या वर्गात आपल्या गावची कोण कोण मुले आहेत, हेही गावोगावच्या समित्यांनी टिपून ठेवावे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी वकिलांशी त्यांची गाठ घालून द्यावी. मुलांनी शेवटच्या वर्षाची वाट पाहू नये. सुटीत कोर्टात जाऊन बसावे. खुल्या न्यायालयात मागच्या बाकावरून कामकाज ऐकायला सनद लागत नाही.