डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात कधी?

मागच्या सत्रात आंतर-हाउस फुटबॉल सामन्यात हेडर घेताना माझे डोके समोरच्या खेळाडूच्या डोक्यावर आदळले. मी पडलो, लगेच उठलो, आणि सरांनी विचारल्यावर "फिट आहे सर" म्हणून सामना पूर्ण खेळलो. रात्री प्रेपला एकच ओळ चार वेळा वाचूनही कळेना, ट्यूबलाइटकडे बघवेना. सकाळी पीटीला उलटी झाली तेव्हा एमआय रूम गाठली. डॉक्टर म्हणाले, कन्कशन आहे.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला जोरदार हिसका. डोक्यावर किंवा अंगावर धक्का बसला की कवटीतला मेंदू हलतो, त्याच्या पेशींमधील रासायनिक समतोल बिघडतो आणि काही दिवस त्यांचे काम नीट चालत नाही. डोके दुखते, चक्कर येते, लक्ष लागत नाही, उजेड व आवाज सोसत नाही, उगाच चिडचिड होते. यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. बहुतेक मुले शुद्धीवरच असतात.

माझा सीटी स्कॅन नॉर्मल आला. बाबा फोनवर म्हणाले, "मग काही नाही, खेळू दे." आई म्हणाली, "फुटबॉल कायमचा बंद." दोघांचेही चुकत होते, पण हे मला नंतर कळले. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडले आहे का हे पाहतो. कन्कशनमध्ये बिघाड पेशींच्या कामात असतो, तो त्या चित्रात दिसत नाही.

लक्षणे उशिराही येतात. 2019 मध्ये लॉर्ड्स कसोटीत जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत तो ठीक वाटला आणि पुन्हा फलंदाजीलाही उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला. त्याच्या जागी लाबुशेन आला, कसोटीतला पहिला कन्कशन सबस्टिट्यूट. स्मिथ पुढची कसोटीही खेळला नाही. (2020 मध्ये कॅनबेराला जडेजाऐवजी चहल आला आणि त्याने 3 बळी घेतले, ते योग्य होते का, यावर आमच्या डॉर्ममध्ये अजून भांडण होते.)

खरा धोका दुसऱ्या माराचा आहे. पहिली दुखापत भरून येण्याआधी पुन्हा मार बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडते ते बहुधा आमच्या वयाच्या मुलामुलींत. कॅनडाच्या ओटावामध्ये 2013 साली रोवन स्ट्रिंगर ही 17 वर्षांची रग्बी कर्णधार अशीच गेली. आधीच्या सामन्यांत डोक्याला मार बसल्याचे तिने मैत्रिणींना सांगितले होते, आईवडिलांना किंवा प्रशिक्षकांना नाही. 2018 मध्ये ऑन्टारियो प्रांताने तिच्या नावाने कायदा केला. हे वाचले तेव्हा मला माझे "फिट आहे सर" आठवले.

आपण का लपवतो, हे सगळ्या कॅडेट्सना ठाऊक आहे. हाउसच्या टीममधली जागा जाईल, मुले "एक्स्क्यूज घेतो" म्हणून चिडवतील, पुढे मेडिकलला अडचण येईल. भीती खरी आहे, पण लपवल्याने मेंदू लवकर बरा होत नाही.

मैदानावर परतायचे ते पायरीपायरीने. पहिले 24 ते 48 तास आराम, मोबाइल कमी. पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे नाही, थोडे चालणे चालते. मग चालणे वा सायकल, हलकी धाव, धक्काबुक्की नसलेला सराव. त्यानंतर डॉक्टरांची परवानगी, पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. त्रास वाढला तर थांबायचे. या सगळ्यात वर्ग आणि प्रेप नीट जमू लागल्याशिवाय सामन्याचा विचारही नाही. मला चोवीस दिवस लागले. मुलांना महिनाही लागू शकतो. मात्र डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या, फिट, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ किंवा उठवूनही न उठणे असे काही दिसले तर थेट हॉस्पिटल.

पुन्हा खेळू द्यायचे की नाही हे ठरवताना डॉक्टरांनी आईबाबांना तीन गोष्टी विचारल्या: यापूर्वी किती वेळा असे झाले, बरे व्हायला किती दिवस लागले, आणि आता कमी धक्क्यानेही त्रास होतो का. पहिलीच वेळ असेल आणि मुलगा पूर्ण बरा असेल तर सहसा खेळ सोडावा लागत नाही. वारंवार होत असेल, दर वेळी बरे व्हायला जास्त दिवस लागत असतील, तर खेळ बदलण्याचा विचार करावा. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज विल पुकोव्हस्की याच कारणाने 2025 मध्ये, 27 व्या वर्षी निवृत्त झाला.

आमच्या पालकांची अडचण वेगळी आहे. घरी आई चेहरा बघून ओळखते, इथे शेजारच्या पलंगावरचा मित्रच काय ते बघतो. म्हणून सुट्टीत मूल सायकलवरून पडून डोके आपटले असेल तर परत सोडताना हाउसमास्टरांना जरूर सांगा. पहिली वेळ की दुसरी, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.

आमच्या घरी शेवटी ठरले: फुटबॉल चालू, पण डोक्याला काहीही लागले तर त्याच दिवशी खेळ थांबवायचा आणि घरी फोन करायचा. बाबांनी होकार दिला. आईनेही दिला, पण रविवारच्या फोनवर तिचा पहिला प्रश्न अजून तोच असतो.