दोन वैद्यकं, एक रुग्ण (लेखांक ७) : सोमलाचं इंजेक्शन

गेल्या आठवड्यात आपण हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनची हकिकत पाहिली. आजची हकिकत त्याहून अवघड आहे, कारण तिच्या मुळाशी औषधी वनस्पती नाही, सोमल आहे. जुन्या काळी ज्याचं नाव घेतलं की विषप्रयोगच आठवायचा, तो सोमल.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चीनच्या ईशान्येकडच्या हार्बिन शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या डॉक्टरांच्या कानावर आलं की, खेड्यातल्या एका वैद्याच्या औषधाने कर्करोगाच्या रुग्णांना गुण येतो. औषधात तीन पदार्थ होते : सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि बेडकाच्या कातडीतून स्रवणारं विष. तिन्ही जहालच. औषधनिर्माते हान ताइयुन यांनी त्याचं इंजेक्शन तयार केलं. डॉ. झांग तिंगदोंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहायला सुरुवात केली. त्या काळी चीन सरकारने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना पारंपरिक वैद्यक शिकवण्याचे वर्ग चालवले होते, झांग त्या पिढीतले.

त्यांनी पुढे जे केलं, ते मला या साऱ्या लेखमालेचं मर्म वाटतं. पाऱ्यामुळे मूत्रपिंडाला इजा होत होती, म्हणून पारा काढला. बेडकाच्या विषाने रक्तदाब चढायचा, तेही काढलं. उरला नुसता सोमल, आणि गुण कायम राहिला. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : हा गुण नेमका कोणाला येतो? उत्तर मिळालं, सगळ्या कर्करोगांत नव्हे, तर रक्ताच्या कर्करोगातल्या एका विशिष्ट प्रकारात, म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात. वैद्याला परंपरेने एक दिशा दिली होती. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे मात्र रुग्णाच्या खाटेशी बसून, लघवी-रक्ताचे अहवाल पाहत ठरवावं लागलं.

हा आजार भयंकर आहे. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उमटतात आणि उपचार लगेच मिळाले नाहीत, तर मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत माणूस जातो. १९८० च्या दशकात शांघायच्या रुइजिन रुग्णालयात वांग झेन्यी यांनी याच आजारावर अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रेटिनॉइक ॲसिड वापरलं. कर्कपेशी मारून टाकण्याऐवजी त्यांना प्रौढ करणारं हे औषध होतं. पुढे त्यांचे शिष्य चेन झू आणि सहकाऱ्यांनी हार्बिनच्या डॉक्टरांबरोबर सोमलाचा अभ्यास हाती घेतला.

या आजारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल होते आणि त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं. तेच पेशीला प्रौढ होऊ देत नाही. रेटिनॉइक ॲसिड या प्रथिनाच्या एका अर्ध्या भागाला धरतं, सोमल दुसऱ्या अर्ध्या भागाला, आणि दोघांच्या माऱ्याने ते प्रथिन नष्ट होतं. अमेरिकेने सोमलाच्या इंजेक्शनला २००० साली मान्यता दिली. २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या चाचणीचा निकाल आला. कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांत, नेहमीची केमोथेरपी न देता नुसती ही जोडी दिली, तेव्हा दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण रोग न उलटता जिवंत होते. रेटिनॉइक ॲसिड आणि केमोथेरपी घेतलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्याआधीच सोमलाचं द्रावण रुग्णालयातच बनवून वापरलं होतं. परदेशी औषध परवडत नव्हतं, ही त्यामागची निकड. नव्याने निदान झालेल्या ७२ रुग्णांचे निष्कर्ष त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. फक्त सोमलावर ८६ टक्के रुग्णांच्या रक्तातून रोग मागे हटला होता. पैशाअभावी उपचार सोडणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

हे औषध देतात कसं, तेही पाहू. मात्रा वजनावर ठरते : किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ९ मिलिग्रॅम, सलाईनमधून तास-दोन तासांत. सोमलाने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून वरचेवर ईसीजी काढतात आणि रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम सांभाळतात. हा लेख वाचून कोणी सोमलाची भस्मं किंवा पुड्या आणून घरच्या रुग्णाला देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कारण नुसती सरमिसळ काय करते, हे ब्रुसेल्समध्ये दिसलं. १९९० च्या सुमारास तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी भूक मारणारी आधुनिक औषधं आणि चिनी वनस्पती एकत्र दिल्या जात. त्यांत एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. दोन्ही वैद्यकं एकाच पुडीत होती, पण पुडीत खरोखर काय आहे, हे कोणी तपासलं नव्हतं.

पुडीत काय आहे हे ठाऊक असलं, तरी ते दुसऱ्या औषधाशी जुळेलच असं नाही. चिनी वैद्यकातली डानशेन ही मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढवते. तेव्हा तुम्ही काढा, चूर्ण, भस्म, काहीही घेत असाल, तर ते डॉक्टरांना सांगाच, बाटली सोबत न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

पुढच्या आठवड्यात ॲक्युपंक्चरकडे वळू : केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर मनगटाजवळच्या एका बिंदूचा उपयोग होतो का, आणि ते तपासायचं कसं.