देवाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे शहरात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. ट्रंका बांधल्या, देव्हाऱ्यातले देव डब्यात ठेवले, तुळशीची कुंडी मांडीवर घेतली की निम्मे घर हलले! पण एखाद्या जमातीचे प्रार्थनामंदिरच बिऱ्हाड बदलते, तेव्हा काय बरोबर जाते आणि काय मागे उरते?

मी परळी वैजनाथला मराठी शिकवतो. या गावात असला प्रश्न कुणाला स्वप्नातही पडणार नाही. अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बांधकाम नवे झाले, जागा तीच राहिली. ज्योतिर्लिंग जागचे हलत नाही. भक्तांनी पायऱ्या चढून त्याच्यापाशी जायचे. पण आपलीच मराठी बोलणारी एक जमात अशी आहे, की जिचा देव मूर्तीत नाही आणि जागेलाही बांधलेला नाही. ती म्हणजे कोकणातले यहुदी, बेने इस्राएल.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही त्यांची मूळकथा. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. यांतल्याच सॅम्युएल दिवेकर नावाच्या गृहस्थाने कंपनी सरकारच्या फौजेत नाव काढले. लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्याने केला, अशी कथा सांगतात. सुटका झाली, आणि १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी कोचीन येथे दिवेकर वारला. धर्मग्रंथाच्या प्रती आणण्यासाठी तो तिकडे गेला होता, असे म्हणतात.

या मंदिराला लोक म्हणत 'मशीद'! भाषेच्या मास्तराला याची मोठी मौज वाटते. आत मूर्ती नाही, गाभारा नाही. मग ओळखीचा जवळचा शब्द तोच. बेने इस्राएलांनीही तो आनंदाने वापरला. पुढे मुंबईत दुसरे मंदिर झाले, तेव्हा पहिली झाली 'जुनी मशीद' आणि दुसरी 'नवी'. ही 'नवी' आज पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेली आहे! मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाला नाव मिळाले तेही या जुन्या मशिदीवरूनच, असे मुंबईचे जुने जाणकार सांगतात.

१८६० साली या जुन्या मशिदीने बिऱ्हाड बदलले. ती जवळच आजच्या जागी आली. त्या रस्त्याला दिवेकरांच्याच नावाने सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. अशा वेळी खरे हलते ते काय? भिंती तर जिथल्या तिथे राहतात. हलते ती 'सेफेर तोरा', म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी. यरुशलेमच्या दिशेच्या भिंतीतल्या कपाटात ती ठेवली, की नवे घर देवाचे होते. १८९६ मध्ये शंभरी भरली, तेव्हा या मंदिराला नाव मिळाले 'शाअर हारहमीम', अर्थात दयेचे द्वार.

सेफेर तोरेच्या बरोबरीने या लोकांनी आणखी एक गोष्ट जपली, ती मराठी. वल्हांडण सणाला घरोघर वाचतात ती 'हगादा' १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. मोशे आणि दावीद यांच्या कथा मराठी कीर्तनांतून रंगू लागल्या. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ व फळे यांचा 'मलिदा' होतो, तो खाणाऱ्याला कोकणाची आठवण दिल्याशिवाय राहणार नाही.

मग सर्वांत मोठे बिऱ्हाड हलले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र जन्माला आले आणि या लोकांची रीघ तिकडे लागली. शतकानुशतके ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली, ती दिशाच आता घर होणार होती. पण नव्या घराच्या उंबऱ्यावर यांना वंशावळ विचारण्यात आली! १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक घातला. गलबत फुटलेल्यांनी दाखले कुठून आणावेत? लोक चिडले, यरुशलेममध्ये ठाण मांडून बसले. अखेर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने, हे सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे जाहीर केले. दयेचे द्वार नावाचे मंदिर बांधणाऱ्यांना दुसरे द्वार असे ठोठावून उघडावे लागले.

स्वातंत्र्याच्या सुमारास या जमातीची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज भारतातले सगळे यहुदी मिळून पाच हजारही भरत नाहीत. उरलेल्यांपैकी बरेच जण ठाण्याकडे राहायला गेले. सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, हा त्यांचा जुना नियम. एके काळी जिथे दहा माणसांचे नवल नव्हते, तिथे आता ती मोजावी लागतात. आमच्या वैजनाथासमोर एकच भक्त आला तरी पूजा होते, म्हणून या मोजणीतली कळ आपल्याला चटकन उमगत नाही. देव हलवता येतो. पण त्याच्याभोवती बसायला शेजार लागतो, आणि तो ट्रंकेत घालून नेता येत नाही.

तरी त्यांनी जमेल तेवढा शेजार नेला. इस्राएलमध्ये मलिदा होतो, आणि तिथून मराठी नियतकालिकही निघाले. त्याचे नाव 'मायबोली'. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. वाचकहो, मस्जिद स्थानकावर गाडी थांबली, की या नावामागे एका मराठी माणसाचा नवस असल्याचे सांगतात, हे शेजारी बसलेल्या मुलांना जरूर सांगा.