संगणकावर सातबारा सापडत नसल्यास

पीककर्जाच्या कामी सातबारा उतारा लागतो. तो महाराष्ट्र शासनाच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतो. परंतु पुष्कळदा शोध निष्फळ ठरतो आणि आपली जमीन दप्तरातूनच नाहीशी झाली की काय, या शंकेने शेतकरी हवालदिल होतो. वास्तविक दोष बहुधा शोधण्याच्या पद्धतीत असतो.

प्रथम गाव तपासावे. खुर्द व बुद्रुक ही गावे निरनिराळी होत. जिल्हाही बदललेला असू शकतो. जव्हार तालुका २०१४ सालापासून ठाण्याऐवजी पालघर जिल्ह्यात आहे.

दुसरे कारण क्रमांकाचे. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. तेथे जुन्या खरेदीखतातील सर्व्हे नंबर घातल्यास भलत्याचीच जमीन समोर येण्याचा संभव असतो.

तिसरे कारण नावाचे. यंत्र केवळ अक्षरे जुळविते. ‘पाटील’ऐवजी ‘पाटिल’ लिहिल्यास नाव हुकते. वारसनोंद झाली नसल्यास उतारा वडिलांच्याच नावे असतो. यास्तव गट नंबराने शोध घेणे श्रेयस्कर होय.

इतके करूनही उतारा न सापडल्यास तलाठी कार्यालयात मूळ नोंद पाहावी. लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. हे काम कर्जाची निकड येण्यापूर्वीच उरकून घेणे हिताचे ठरेल.