टाक्यापाशी लागलेली गाठ

परतूर तालुक्यात मी नर्स आहे. दुर्बिणीतून गर्भपिशवी काढलेल्या बाया पोटावरची इवली भोकं दाखवून म्हणतात, "भरलं की आता!" ऑपरेशन कॅन्सरचं असेल, तर मी तिथे बोटं फिरवून बघतेच. सांडलेल्या पेशी त्या भोकात रुजू शकतात. शंभरात एखाद-दोघींनाच होतं हे. बहुधा त्यांच्या पोटात आजार आधीच पसरलेला असतो. 2018 साली रामिरेझ नावाच्या सर्जनच्या अभ्यासाने तर डॉक्टरांनाही हादरवलं: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये साडेचार वर्षांनी आजारमुक्त होत्या दुर्बीणवाल्या 86 टक्के, पोट उघडलेल्या 96.5. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरला मात्र दुर्बीण चालते. टाक्यापाशी कडक गाठ लागली, दुखो न दुखो, मलम चोळत बसू नका. कागदपत्रं घ्या आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय गाठा.