तेलाची बाटली आणि झोपेतली नाडी

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत एक बाई आल्या आहेत. वय अठ्ठेचाळीस. छातीत धडधड होते, हाताला कंप आहे, रात्री तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. ईसीजी काढला, ठोके मिनिटाला 112, बाकी दोष नाही. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी. ती पर्समधून जांभळ्या लेबलची छोटी बाटली काढते. "डॉक्टर, हे लॅव्हेंडरचं तेल खोबरेलात मिसळून मी रोज रात्री आईच्या हाता-पाठीला हळूहळू चोळते. तिला बरं वाटतं. याचा खरंच काही उपयोग असतो, की नुसती मनाची समजूत?"

बाहेर शंभर जणांची रांग असली तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपयोग असतो. फक्त त्यातला मोठा वाटा बाटलीचा नसून मुलीच्या हातांचा असतो.

आपल्या त्वचेत स्पर्शाच्या दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. एक जलद. डास कुठे बसला, खिशातले नाणे एकचे की दोनचे, हे ती क्षणात कळवते; तिचा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास असतो. दुसरी अगदी मंद, सेकंदाला साधारण एक मीटर. या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. ते लव असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, चेहरा, मांड्या येथे असतात. तळहातावर मात्र जवळजवळ नसतात. स्वीडनमधील संशोधकांनी माणसाच्या नसेत केसाएवढी बारीक सुई घालून या तंतूंचे संदेश टिपले, तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली. त्वचेवरून सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीने हात फिरला, तरच हे तंतू जोमाने काम करतात. त्याहून भराभर चोळले की त्यांचा प्रतिसाद उतरतो.

जलद स्पर्शतंतू आजाराने नष्ट झालेल्या एका स्त्रीचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. मऊ ब्रश हातावरून फिरवला तर तो कसा, कोणत्या दिशेने फिरला हे तिला सांगता येईना. पण काहीतरी अस्पष्ट, सुखद वाटते आहे एवढे कळत होते. मेंदूच्या छायाचित्रणात तिच्या इन्सुला या भागात हालचाल दिसली. भूक, वेदना, हृदयाचे ठोके अशा शरीराच्या आतल्या बातम्या जेथे एकत्र येतात, तो हा भाग. बाळ कुशीत शांत होते किंवा तापलेल्या माणसाला पाठीवरचा हात हवासा वाटतो, त्यामागे ही मंद वाहिनी आहे.

याचा व्यवहारात अर्थ एवढाच की कोपरापासून मनगटापर्यंत हात न्यायला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. घरी करून पाहा. वाटते त्यापेक्षा हे बरेच सावकाश असते. हात कोमट हवा. दाब इतका हवा की गुदगुल्या होऊ नयेत, आणि इतकाही नको की दात आवळावे लागतील. "जोर लाव, कडक मालिश कर" ही आपल्याकडची आवड पहिलवानाच्या स्नायूंसाठी ठीक. घाबरलेल्या जीवासाठी नाही. पाच-दहा मिनिटे अशी गेली की श्वास आपोआप लांबतो. श्वास सोडताना व्हेगस ही नस हृदयाला थोडा लगाम घालते, त्यामुळे लांब उच्छ्वासाबरोबर ठोके उतरतात. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणाऱ्यांना झोप चांगली लागते, यात नवल नाही. तळपायाला लागलेला काळपटपणा मात्र धातू आणि तूप यांच्या घासण्याचा आहे. अंगातली उष्णता तेथून बाहेर पडली असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

आता वासाकडे. डोळे, कान, त्वचा यांच्या बातम्या मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. वास हा नाका टाळून थेट भीती आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या दाराशी पोचतो. लॅव्हेंडरमध्ये लिनॅलूल हे द्रव्य असते. जपानमधील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले की त्याच्या वासाने उंदरांची घबराट कमी होते, आणि वासाची क्षमता गेलेल्या उंदरांवर तो परिणाम होत नाही. म्हणजे काम नाकावाटेच होते. हेच लिनॅलूल आपल्या धण्याच्या तेलातही भरपूर असते, पण धण्याला जांभळे लेबल मिळालेले नाही!

उंदरांवरून माणसांकडे येताना मात्र अडचण येते. औषधाची चाचणी करताना निम्म्या लोकांना दिसायला तशीच खोटी गोळी देतात. वास खोटा कसा देणार? कोणाला लॅव्हेंडर मिळाले हे दारातून आत येणाऱ्यालाही कळते, आणि 'आता बरे वाटेल' ही अपेक्षाच निम्मे काम करते. कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतल्या सुगंधोपचाराच्या अभ्यासांचे कॉक्रेन आढावे झाले. पक्का निष्कर्ष काढावा इतका पुरावा त्यांत सापडला नाही. शिवाय वासाला ज्याची त्याची आठवण चिकटलेली असते. दिवाळीच्या पहाटेचे उटणे, माठातला वाळा, आजीच्या अंबाड्यातला मोगरा यांनी जो निवांतपणा येतो, तो परदेशी फुलाने सगळ्यांना येईलच असे नाही. उलट फिनेलचा वास आला की काही रुग्णांचा रक्तदाब रुग्णालयाच्या पायरीवरच चढतो.

ही तेले 'नैसर्गिक' आहेत म्हणून निरुपद्रवी समजू नयेत. कापूर किंवा निलगिरीचे तेल लहान मुलाने थोडेसे जरी गिळले, तरी थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या गळ्यात कापराची पोटली बांधणे, नाकपुडीला बाम लावणे, बंद खोलीत धुरी देणे, हे प्रेमापोटी होते, पण करू नये. मोठ्यांनाही धोका आहे. बंगळूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अभ्यासांत निलगिरी आणि कापूर असलेले बाम, तेल, वाफ वापरल्यानंतर झटके आलेले प्रौढ आहेत. त्यांतल्या काहींना आधी कधीही झटका आलेला नव्हता. घरात फेफऱ्याचा रुग्ण असेल तर ही दोन्ही तेले दूर ठेवावीत. अमेरिकेत 2021 मध्ये चार जणांना मेलिऑइडोसिस हा गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि दोघे दगावले. जंतू सापडले ते भारतात तयार झालेल्या लॅव्हेंडरच्या सुगंधी फवाऱ्यात.

अर्क त्वचेवर कोरा लावू नये. दोन चहाचे चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन ते चार थेंब पुरे. एकच पाय सुजून दुखत असेल तर त्याला मालिश नको. आत रक्ताची गुठळी असू शकते. आणि सलूनमधल्या चंपीच्या शेवटी मान कडाक्कन मोडून घेण्याची हौस सोडावी. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झालेले रुग्ण वैद्यकशास्त्राने पाहिले आहेत.

ओपीडीतल्या त्या बाईंचे मालिश डॉक्टरांनी बंद केले नाही. मुलीला एकच काम जास्तीचे दिले. "आई गाढ झोपली की तिचं मनगट धर आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोज. तीन रात्री." चिंतेने वाढलेले ठोके झोपेत उतरतात. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तर माणूस झोपला तरी नाडी पळतच राहते. ही जुनी, बिनखर्चाची खूण आहे. हल्ली ती फारसे कोणी विचारत नाही.

वहीच्या फाटक्या कागदावर आकडे आले: 104, 108, 104. त्याच दिवशी रक्ताचा अहवालही आला. टीएसएच जवळजवळ शून्यावर होते. वजन चार किलोने उतरल्याचे बाईंना तेव्हा आठवले. डाएट नसताना उतरले म्हणून त्या खूशच होत्या.

थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्याने मायलेकी पुन्हा आल्या तेव्हा हाताचा कंप कमी झाला होता आणि कागदावर झोपेतल्या नाडीचा आकडा 72 होता. मालिश चालूच होते. लॅव्हेंडरचा वास बाईंना पहिल्यापासून आवडला नव्हता, मुलगी एवढ्या हौसेने आणते म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आता साधे खोबरेल वापरतात.