तिघांचे एकच खाते

पेण, अलिबाग, रोहा, मुरूड, श्रीवर्धन, महाड या गावांतील व्यापारी घरांत किराणा, कापड, सुपारी, सराफी या पिढीजात व्यवसायांच्या जोडीला आता संगणक अभियांत्रिकीचे शिक्षणही आले आहे. याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे 1989 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. त्यामुळे अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेण्यासाठी मुंबई-पुण्यालाच गेले पाहिजे, ही अट उरली नाही. मुले शिकू लागली. परंतु ती नेमके काय करतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना पुष्कळदा उमगत नाही. रविवारी दुकानात गर्दी असताना महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी खोलीचे दार लावून पाच तास संगणकासमोर बसते आणि ‘स्पर्धा चालू आहे’ एवढेच सांगते. घरच्यांना तो मोबाइलवरच्या खेळाचाच एक प्रकार वाटतो. वस्तुतः या स्पर्धेचे नियम समजून घेतले, तर पेढी चालविणाऱ्या माणसाला ते अजिबात परके वाटणार नाहीत.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सांघिक प्रोग्रॅमिंगची जगातील सर्वांत मान्यवर स्पर्धा ‘आयसीपीसी’ या नावाने ओळखली जाते. तिचा उगम 1970 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील एका विद्यापीठात झाला आणि 1977 पासून तिच्या अंतिम फेऱ्या होऊ लागल्या. आपल्याकडे प्राथमिक फेरी ऑनलाइन होते. मुंबईतील ‘डायरेक्टी’ या कंपनीने 2009 मध्ये सुरू केलेल्या ‘कोडशेफ’ या संकेतस्थळावर या फेऱ्या अनेक वर्षे घेतल्या गेल्या. तेथून निवडलेले संघ अमृतपुरी, कानपूर अशा केंद्रांवरील विभागीय फेऱ्यांत उतरतात. कोविडच्या काळात विभागीय फेऱ्याही ऑनलाइन घ्याव्या लागल्या.

संघ तीन जणांचा, वेळ पाच तासांचा आणि प्रश्न साधारणतः दहा-बारा. प्रत्यक्ष केंद्रावरील फेरीत तिघांना मिळून संगणक एकच दिला जातो. लिहिलेला प्रोग्रॅम पाठविला, की परीक्षक यंत्रणा तो गुप्त ठेवलेल्या आकडेवारीवर चालवून पाहते. उत्तर बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या वेळेत, बहुधा काही सेकंदांतच, निघावे लागते. एक लाख बिलांत एकाच रकमेची दोन बिले आहेत काय, हे शोधायचे आहे असे समजा. प्रत्येक बिल दुसऱ्या प्रत्येक बिलाशी ताडून पाहिल्यास जवळजवळ 500 कोटी तुलना कराव्या लागतील. तीच बिले आधी रकमेच्या क्रमाने लावून घेतली, तर सुमारे 17 लाख तुलनांत क्रम लागतो आणि मग फक्त शेजारशेजारची बिले पाहिली की काम संपते. पहिली रीत चुकीची नाही, पण स्पर्धेत ती नापास होते. कष्टापेक्षा रीत महत्त्वाची, हे जुने मुनीम नव्या उमेदवाराला रोजमेळ शिकविताना सांगत असत. येथे यंत्र तेच शिकविते.

गुणांकनाची पद्धत तर हिशोबी माणसाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ज्या संघाचे अधिक प्रश्न सुटतील तो पुढे. प्रश्न सारखे सुटले, तर कमी वेळ लागलेला संघ पुढे. प्रत्येक प्रश्न स्पर्धेच्या कितव्या मिनिटाला सुटला, त्या मिनिटांची बेरीज केली जाते आणि सुटलेल्या प्रश्नावर आधी पाठविलेल्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे 20 मिनिटांचा दंड तीत मिळविला जातो. समजा, एका संघाने पाच प्रश्न 30, 70, 110, 180 आणि 250 व्या मिनिटाला सोडविले. बेरीज 640. परंतु दोन वेळा घाईने चुकीचे उत्तर पाठविल्यामुळे 40 मिनिटांचा दंड बसून आकडा 680 झाला. दुसऱ्या संघाने पाच प्रश्न 40, 80, 125, 180 आणि 240 व्या मिनिटाला, एकही चूक न करता सोडविले. त्याची बेरीज 665. वेगात मागे असलेला संघ निकालात पुढे गेला.

हा दंड चूक करणाऱ्या एकट्याच्या नावे पडत नाही. तो संघाच्या खात्यात पडतो. म्हणून जाणते संघ उत्तर पाठविण्यापूर्वी ते दुसऱ्याकडून तपासून घेतात. एक जण संगणकावर लिहितो, दुसरा कागदावर पुढचा प्रश्न मांडतो आणि तिसरा पहिल्याच्या लिखाणातील खोट शोधतो. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने पडताळल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, त्यातलाच हा प्रकार. आपली शाळा-महाविद्यालये मुलाला बहुतांशी एकट्याने पहिला येण्यास शिकवितात. व्यवसाय मात्र भावाभावांत, भागीदारांत चालवायचा असतो. ‘माझे उत्तर चुकले आहे, तू बघ’ असे वेळेवर म्हणता येणे आणि दुसऱ्याची चूक त्याचा अपमान न करता दाखविणे, हे शिक्षण गुणपत्रिकेत उमटत नाही. भागीदारी मोडते ती पुष्कळदा याच शिक्षणाच्या अभावी.

स्पर्धा ऑनलाइन असली की आणखी एक कसोटी लागते. समोर पर्यवेक्षक नसतो. दार लावलेल्या खोलीत मोबाइल असतो, मित्राचा निरोप असतो आणि अलीकडे उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही असते. नक्कल पकडण्याचे उपाय आहेत. दोन प्रोग्रॅमांतील साम्य हुडकणारी ‘मॉस’ ही प्रणाली 1994 पासून वापरात आहे आणि चलांची नावे बदलून केलेली उचलेगिरीही तिला ओळखता येते. परंतु यंत्राच्या भीतीने राखलेली सचोटी फार दिवस टिकत नाही. मालक नसताना गल्ल्यावर बसलेल्या माणसाची जी परीक्षा होते, तीच येथे होते. आणि येथेही एकाच्या लबाडीने तिघांचे नाव जाते.

किनारपट्टीवरील मुलांची अडचण वेगळीच आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. नेमके त्याच वर्षी शिक्षण आणि स्पर्धा दोन्ही ऑनलाइन झाल्या होत्या. केंद्र शासनाच्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची अंतिम फेरी 1 ते 3 ऑगस्ट 2020 या काळात ऑनलाइन पार पडली. सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असलीच पाहिजे, असा या स्पर्धेचा नियम आहे. ऑनलाइन स्पर्धेने गावाचे अंतर पुसले, हे खरे. मात्र मुंबईच्या संघाशी बरोबरी करायची तर गावातल्या संघाला आधी वीज आणि जोडणी हवी. पाच तासांच्या स्पर्धेत अर्धा तास वीज गेली, तर बुद्धी असूनही संघ मागे पडतो.

येथे घरच्यांना बरेच काही करता येते. दुकानातील इन्व्हर्टरची एक जोडणी त्या खोलीत द्यावी. एका कंपनीचे नेटवर्क गेले तर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड जवळ असावे. स्पर्धेच्या वेळी मुलाला गल्ल्यावर बसण्यासाठी हाक मारू नये. मुलीच्या संघात परगावचे सहकारी आहेत म्हणून तिला मागे ओढू नये. तिच्यावाचून तिचा संघही अडतो. निकाल लागल्यावर ‘कितवा नंबर आला?’ एवढ्यावरच न थांबता, कोणता प्रश्न कोणी सोडविला, दंड कितीदा बसला आणि तो कशामुळे बसला, हेही विचारावे. वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना व्यापारी नफ्याचा आकडा पाहून वही मिटत नाही. बुडीत खाते कोठे निर्माण झाले, हेही तो पाहतो. मुलांच्या स्पर्धेचा हिशोबही त्याच नजरेने पाहिला, तर बंद दाराआड चाललेले काम घराला परके राहणार नाही.